ड्राइव्हवेवरचं वाळवण

तुम्ही चित्रकार कशा झालात, असं कुणी विचारलं की मी 'इटली' म्हणते आणि समोरचा माणूस खूश होतो. त्याच्या डोळ्यांसमोर लगेच घुमट, संगमरवर, ऑलिव्हची झाडं उभी राहतात आणि पुढचं काही विचारायची त्याला गरज वाटत नाही. इतकी वर्षं मी हेच उत्तर देत आले. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. अर्धं सांगायची मला जुनी खोड आहे आणि तिने आमच्या घरात काय केलं ते एकदा लिहून टाकावं म्हणून हे प्रकरण. आधीच सांगून ठेवते, हे मी रागाने लिहिते आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझी पन्नाशी जवळ आली, केस पिकले, माझा काही निवला नाही. फक्त कुणावर रागवायचं ते बदलत गेलं.

आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहायचो. मी आठ वर्षांची असताना अमरावतीहून आलो. बाबा एका मोटार कंपनीसाठी गाडीच्या दारांची आतली बाजू डिझाइन करायचे. कुणाच्याही गाडीत बसले की आधी दारावरून हात फिरवायचे. आईला त्यांच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. अमरावतीला ती शाळेत मराठी शिकवायची. इथे तिच्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली, ती म्हणजे मी. दर रविवारी एक पान शुद्धलेखन झाल्याशिवाय टीव्ही लागत नसे. आज हे मराठीत लिहू शकते ते त्या पानांमुळे. तेव्हा मात्र मी तिच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडायची.

जून संपत आला, ऊन जरा तापायला लागलं की घरात वाळवणाचे दिवस सुरू व्हायचे. लाँड्री रूममध्ये पातेल्यात गहू भिजत पडायचे, तीन दिवस, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी तो आंबूस वास धुतलेल्या कपड्यांनाही लागायचा. मग मिक्सरची घरघर, पंच्यातून चीक गाळणं, तो रात्रभर निवळत ठेवणं. सकाळी आई उकळत्या पाण्यात मीठ घालून चीक ओतायची आणि लाकडी चाटूने घोटत राहायची. बाबा दोन्ही हातांत फडकी घेऊन पातेलं धरून उभे. चीक शिजून चकाकायला लागला की पहिली वाटी माझी, वर दूध आणि साखर. त्या चवीबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मग माहेरून आणलेला पितळी सोऱ्या कुरकुरायला लागायचा आणि कुरडया पडायला लागायच्या.

मागच्या अंगणात मेपलची सावली होती. ऊन यायचं ते मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकच्या पायरीशी, तेही दुपारपर्यंतच. पुढचा ड्राइव्हवे मात्र दिवसभर तव्यासारखा तापायचा. बाबा सकाळी गाडी रस्त्यावर नेऊन लावायचे, आई डांबरावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायची आणि त्यावर ओळीने कुरडया घालायची. काळ्यावर पांढऱ्या, गोल, सारख्या. मधे दोन बोटांचं अंतर. "चिकटल्या तर तुटतात आणि लांब टाकल्या तर जागा पुरत नाही," ती म्हणायची, आणि खरोखर सुरुवातीच्या दोन-चार कुरडयांमध्ये बोटं ठेवून बघायची. नंतर हाताला सवय व्हायची. माझं काम राखणीचं. बॅडमिंटनची रॅकेट घेऊन मी गॅरेजच्या सावलीत बसायची आणि खारी हाकलायची. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मला त्यात मजा वाटायची. पुढे वर्गातल्या मुली गाडी चालवायला लागल्या, आमच्या रस्त्याने जायला लागल्या आणि मी रॅकेट टाकून आत पळायला लागले.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा असोसिएशनचं पत्र आलं. आमच्या वसाहतीतल्या घरमालकांची ती संस्था, गवत किती वाढलं आणि कचऱ्याचा डबा किती वाजता आत घेतला यावर नजर ठेवणारी. पत्रात लिहिलं होतं की कपडे, खाद्यपदार्थ किंवा इतर वस्तू घराबाहेर मांडून ठेवणं नियमात बसत नाही, आणि वासाबद्दलही एका शेजाऱ्याची तक्रार आहे. कोण शेजारी ते लिहिलं नव्हतं, कधी कळलंही नाही. बाबा संध्याकाळी आले, पत्र वाचलं आणि म्हणाले, "जाऊ दे ना. पुढच्या वर्षी नको करू. इथे आपण नियमाने राहिलेलं बरं. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" झालं, बाबांच्या लेखी विषय संपला. त्यांना वाईट वाटलं असेलही. पण पत्राची घडी घालताना त्यांचे खांदे सैल झाले, ते मी पाहिलं. मलाही तितकंच हायसं वाटलं होतं, म्हणूनच मला ते दिसलं.

आई गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. तिला इंग्रजी येत होतं, पण कचेरीच्या इंग्रजीची तिला धास्ती होती. "मनू, उत्तर लिही. तुझं इंग्रजी चांगलं आहे," ती म्हणाली आणि फेऱ्या मारत मजकूर सांगायला लागली, वर्गात सांगावा तसा. "लिही, हा कचरा नाही, अन्न आहे. गव्हाचं आहे. वर्षातून एकदा करतो. पुढे घातलेलं चालत नसेल तर मागे घालू, फेन्सच्या आत, रस्त्यावरून दिसणार नाही. मागे ऊन कमी, म्हणून तीन दिवस लागतील. तेवढी परवानगी द्या. आणि शेजाऱ्यांना सांगा, म्हणावं, घरी या, तळून देते." मी मान हलवत लिहीत होते. मी लिहिलं ते असं: झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. माझ्या आईला इथले नियम माहीत नव्हते. पुन्हा असं होणार नाही.

मग मी ते पत्र तिला मराठीत वाचून दाखवलं. म्हणजे समोर इंग्रजी धरून तिचीच वाक्यं तिला परत ऐकवली. ती खूश झाली. "तळून देते हे घातलंस ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने खाली सही केली, वळणदार, पूर्ण नाव. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, सहकार्याबद्दल आभार. आईने विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, "नाही म्हणाले."

इतकंच. मी काही दरोडा घातला नव्हता. पण सोऱ्या धुऊन, पुसून, कपाटाच्या वरच्या फळीवर गेला तो गेलाच. पुढच्या अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर दुकानातल्या पाकिटातल्या कुरडया आल्या, गुलाबी आणि हिरव्या. जेवायला आलेल्या, ट्रॉयमधल्याच देशपांडे काकू म्हणाल्या, "बरं केलंस. पाकीट मिळतं की, कोण मरतं एवढं करून?" आई हसली. काकूंचा मला संताप आला, कारण कुणाचा तरी यायलाच हवा होता.

एकविसाव्या वर्षी मी कॉलेजच्या प्रोग्रॅमबरोबर उन्हाळ्यासाठी इटलीला गेले. आम्ही अकरा विद्यार्थी आणि एक प्रोफेसर. पहिला महिना मी चर्चमधल्या संतांची, देवदूतांची, पडद्यांच्या चुण्यांची चित्रं काढत होते. सगळी बरोबर होती. प्रोफेसर माझी वही चाळायचे आणि म्हणायचे, "करेक्ट. व्हेरी करेक्ट." त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की माझ्या अंगाची लाही व्हायची, पण ते चूक नव्हते. त्या भिंतींवर मला काहीच दिसत नव्हतं. बाकीच्या मुली एखाद्या चित्रासमोर डोळे पुसायच्या आणि मी घड्याळ बघायची.

दुसऱ्या महिन्यात आम्ही दक्षिणेकडच्या एका गावात गेलो. एके सकाळी प्रोफेसरांनी आम्हाला एका अरुंद गल्लीत नेलं. दाराशी खुर्ची टाकून आसुन्ता नावाची म्हातारी बसली होती, काळा झगा, पायात रबरी सपाता. समोरच्या पाटावर ती कणकेचे लहान तुकडे अंगठ्याने दाबत होती, कानाच्या पाळीसारखा आकार देत होती आणि शेजारच्या जाळीच्या चौकटीवर टाकत होती. अशा चार चौकटी रस्त्यातच मांडलेल्या. काळ्या दगडांचा रस्ता, त्यावर जाळी आणि तिच्यावर पांढरे ठिपके. प्रवासी फोटो काढत होते. एकाने एक पास्ता उचलून बघितला तसं आसुन्ताने त्याच्या मनगटावर फडका मारला आणि पुन्हा कामाला लागली. मग ती वाकली आणि वाळत आलेले तुकडे उलट्या बोटांनी परतायला लागली. बोटांच्या मागच्या बाजूने, नखं लागू न देता. आमची आई कुरडया अशीच परतायची.

प्रोफेसर आमच्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. बघा, ते म्हणाले, ऊन, अन्न आणि बाईचे हात. हे आपण अमेरिकेत गमावून बसलो. आपल्या उपनगरांत असं कुणी करत नाही. कुणाला करावंसंही वाटत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी आई करायची," मी म्हटलं. आवाज इतका चढला की आसुन्तानेही वर पाहिलं. "मिशिगनमध्ये. ड्राइव्हवेवर. मग आम्हाला लेटर आलं, वास येतो म्हणून. इथे तुम्ही फोटो काढता. तिथे तुमच्यासारखेच लोक कंप्लेंट करतात." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, नाहीतर तेही सांगितलं असतं. मग एक मुलगी पुढे आली आणि तिने मला मिठी मारली. "दॅट्स सो अनफेअर," ती म्हणाली. दुसरी म्हणाली, "युअर पुअर मॉम." प्रोफेसरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "ड्रॉ दॅट," ते म्हणाले.

पत्र आलं इथपर्यंत मी सांगितलं. उत्तर कोणी लिहिलं ते सांगितलं नाही. त्या मुलींच्या मिठ्या मी घेतल्या, दुपारी त्यांनी माझ्यासाठी आणलेलं आइस्क्रीमसुद्धा खाल्लं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

पण चित्रं आली. हे मी नाकारू शकत नाही. मी काळी शाई घेतली आणि सगळा कागद काळा करत गेले, फक्त कुरडया सोडून. पांढरं काढायचं नव्हतं, ते राखायचं होतं. पहिलं चित्र फसलं. दुसरंही. गोल नीट होते, एकेक धागा दिसत होता, तरी ते मेलेलं वाटत होतं. तिसऱ्याला मी कागदावर डाव्या हाताची दोन बोटं ठेवली, त्यांच्याभोवती शाई लावली आणि मग पुढचा गोल सोडला. एकदम सगळं चित्र श्वास घ्यायला लागलं. महिनाभर जे चर्चच्या भिंतीवर शोधत होते ते हे होतं. वस्तू नाही, दोन वस्तूंमध्ये एखाद्याच्या हाताने सोडलेली जागा. पुढे मी जे काही काढलं, आजतागायत, ते त्या दोन बोटांच्या मापाने काढलं. उन्हाळा संपेपर्यंत बारा चित्रं झाली. प्रोफेसरांनी ती भिंतीला लावून पाहिली. या वेळी ते करेक्ट म्हणाले नाहीत.

ऑक्टोबरात कॉलेजच्या गॅलरीत प्रदर्शन लागलं. माझी बारा चित्रं एका भिंतीवर आणि शेजारी पांढऱ्या कार्डावर मजकूर. तो प्रोफेसरांनी आणि मी मिळून लिहिला होता: चित्रकर्तीची आई दर उन्हाळ्यात गव्हाचं अन्न घरासमोर वाळवत असे. असोसिएशनच्या एका पत्रानंतर तिने ते कायमचं बंद केलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, ही माझी हुशारी.

आई-बाबा ट्रॉयहून तीन तास गाडी चालवत आले. बाबांनी टाय लावला होता. आई चित्रांसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने दोन बोटं उचलली आणि कागदाला न लावता, हवेतच, दोन कुरडयांच्या मधे धरली. "बरोबर आहे," ती म्हणाली. आयुष्यात मला त्याहून मोठी दाद मिळालेली नाही, आणि ती मला पुरती दोन मिनिटंही लाभली नाही. कारण मग ती कार्डाकडे वळली आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचायला लागली. मी म्हटलं, "आई, चल ना, तुला बाकीचं दाखवते." ती हलली नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "पण हे अर्धंच आहे. आपण उत्तर दिलं होतं ना? मागे घालू म्हणून परवानगी मागितली होती. ते नाही म्हणाले म्हणून बंद केलं. ते काहून नाही लिहिलंस? वाचणाऱ्याला वाटेल, मी एका चिठ्ठीला भ्यायले."

मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. जागा कमी होती, असं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. समोर माझीच बारा चित्रं होती, म्हणून असेल, मला जमलं नाही.

"मी तसं लिहिलंच नव्हतं," मी म्हटलं.

"मग काय लिहिलं होतंस?"

मी सांगितलं. तीन वाक्यं होती, तोंडपाठ होती.

"माझ्या आईला नियम माहीत नव्हते," तिने ते मराठीत स्वतःशी म्हणून पाहिलं. "आणि खाली सही माझी."

"हो."

"मी वाचलं नाही ते. तू लिहिलं होतंस म्हणून वाचलं नाही."

नेमके तेव्हाच प्रोफेसर हातात ग्लास घेऊन आले आणि आईला म्हणाले, "यू मस्ट बी सो प्राउड." आई त्यांच्याकडे बघून हसली, थँक यू म्हणाली आणि सरळ पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही, सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी त्यांच्यावरच भडकले. "तुम्हीच म्हणाला होतात ना, जाऊ दे म्हणून? तुम्हाला तरी कुठे हवं होतं ते?" ते म्हणाले, "मी तिला तोंडावर नको म्हटलं होतं, मनू. तू तिला हो म्हटलंस." ते टाय सैल करत निघून गेले. त्यांचा मला आलेला हा शेवटचा खरा राग, कारण त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. आई माझ्याशी जेवणापुरतं बोलली. जेवण झाल्यावर तिने टेबल पुसलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं, अगदी शुद्धलेखनाला ठेवायची तसं. "बस," ती म्हणाली. "मी सांगते ते लिही. ह्या वेळी तेच लिही."

आणि तिने पाच वर्षांपूर्वीचा मजकूर सांगितला, त्याच क्रमाने. हा कचरा नाही, अन्न आहे. मागे घालू, फेन्सच्या आत. तीन दिवस लागतील. फक्त एक वाक्य नवं होतं: आधीच्या पत्रावर सही माझी असली तरी मजकूर माझा नव्हता. ते लिहिताना मला वाटलं, मुलीने लिहिला होता हेही ती घालायला सांगेल. तिने सांगितलं नाही. शेजाऱ्यांना तळून द्यायचं वाक्य या वेळी तिने वगळलं. मी विचारलं, "आणि ते तळून देते?" "नको," ती म्हणाली. "आता नाही द्यायचं मला."

लिहून झाल्यावर सवयीने मी कागद समोर धरला आणि वाचून दाखवायला तोंड उघडलं.

"तू नको," आई म्हणाली. "अहो, तुम्ही वाचा."

बाबांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ इंग्रजीत वाचून मराठीत सांगितली. सगळं बरोबर आहे, म्हणाले. तरी तिने कागद घेतला, बोट धरून स्वतः वाचला, दोनदा, आणि मग सही केली.

उत्तर आलं तेव्हाही मी घरी होते. आईच्या हातातल्या पोस्टाच्या गठ्ठ्यात पाकीट दिसलं तसा माझा हात पुढे गेला. आईने पाकीट दुसऱ्या हातात घेतलं, सुरीने कडेने कापलं आणि ओट्याशी उभं राहून वाचायला लागली. बराच वेळ लागला. बाबा आणि मी ताटकळत उभे. मग तिने मान वर केली.

"पुढच्या बाजूचाच नियम आहे म्हणतात. मागे काय घालायचं ते घाला, विचारायचीसुद्धा गरज नाही. कधीच नव्हती."

मला असोसिएशनवर ओरडायचं होतं, त्या शेजाऱ्यावर, काकूंवर, प्रोफेसरांवर. एकही नाव तोंडातून निघेना. आईने स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरून सोऱ्या काढला. पितळ काळं पडलं होतं. तिने तो नळाखाली धरला, मग खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. मेपलची पानं गळत होती आणि डेकच्या पायरीशी ऊन असं नव्हतंच.

"आता जूनपर्यंत थांबावं लागेल," ती म्हणाली आणि ओट्यावरचं पत्र उचलून, माझ्या हातात न देता, ड्रॉवरमध्ये ठेवलं.